बॉनेट उघडं की बंद?

डायनोच्या खोलीत येणारा प्रत्येक गाडीमालक एकाच प्रश्नाचं उत्तर घ्यायला येतो: किती? किती अश्वशक्ती. आलेख, तापमानं, हवा-इंधनाचं प्रमाण ही त्याच्या लेखी त्या एका आकड्याभोवतीची सजावट. डेट्रॉइटच्या बाहेर एका छोट्या वर्कशॉपमध्ये गाड्या रोलरवर चढवून त्यांची ताकद मोजणं हे माझं काम. उत्तर देण्याआधी मी उलट काही प्रश्न विचारतो. त्यातला एक ऐकून बहुतेक जण हसतात: बॉनेट उघडं ठेवून मोजू की बंद करून?

या प्रश्नाचं वजन मला सगळ्यांत नीट दाखवलं ते एका डॉज रॅम एसआरटी-१० ने. २००४ ते २००६ या मॉडेल-वर्षांत डॉजने हा पिकअप ट्रक विकला. कल्पना सरळ होती आणि थोडी वेडगळही: मालवाहू पिकअपच्या नाकात व्हायपर या स्पोर्ट्स कारचं ८.३ लिटरचं, दहा सिलिंडरचं इंजिन बसवायचं. कंपनीने सांगितलेली ताकद मिनिटाला ५६०० फेऱ्यांना ५०० अश्वशक्ती, टॉर्क ५२५ पाउंड-फूट, म्हणजे सुमारे ७१२ न्यूटन-मीटर. फेब्रुवारी २००४ मध्ये मिशिगनमध्येच, चेल्सीच्या चाचणी-मार्गावर ब्रेन्डन गॉन या रेसिंग ड्रायव्हरने हा ट्रक ताशी १५४.५८७ मैलांवर नेला. किलोमीटरमध्ये हे जवळजवळ २४९ होतात. सर्वांत वेगवान उत्पादित पिकअप म्हणून गिनेसने त्याची नोंद केली.

या इंजिनाला टर्बो नाही, सुपरचार्जर नाही. आत हवा ढकलणारं कुणी नाही. पिस्टन खाली जातो, सिलिंडरमध्ये दाब कमी होतो आणि बाहेरच्या वातावरणाचा दाब जेवढी हवा आत लोटेल तेवढीच मिळते. ५६०० फेऱ्यांना सिलिंडर पूर्ण भरतात असं धरलं, तर हे इंजिन सेकंदाला सुमारे ३९० लिटर हवा ओढतं. दोनशे लिटरची दोन पिंपं एका सेकंदात रिकामी व्हावीत तसं. टर्बोच्या गाडीत ट्यूनर संगणकावर दाब वाढवून एका दुपारी पन्नास-साठ अश्वशक्ती काढू शकतो. इथे ती सोय नाही. इथे प्रत्येक अश्वशक्ती हवेच्या वाटेतला एखादा अडथळा काढून, व्हॉल्व्हची वेळ बदलून किंवा हवा थंड ठेवून मिळवावी लागते. पाच इथून, आठ तिथून. आणि हवा तर रोज बदलते. उन्हाळ्यातल्या दमट दुपारची आणि ऑक्टोबरातल्या कोरड्या सकाळची हवा यांच्यातला फरकच एखाद्या महागड्या पार्टने दिलेल्या वाढीपेक्षा मोठा असू शकतो. साताऱ्याकडून महाबळेश्वरला साध्या पेट्रोल गाडीने चढणाऱ्याला हे पुस्तकाविना कळतं. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे पंधरा टक्क्यांनी कमी असतो, आणि इंजिन तेवढंच मरगळतं.

ट्रकचा मालक डाय बनवण्याच्या कामातून निवृत्त झालेला गृहस्थ होता. आयुष्यभर पोलादाचे ठोकळे हजाराव्या भागापर्यंत घासत आलेला. ट्रकवरचं सगळं काम त्याने स्वतःच्या गॅरेजमध्ये केलं होतं: एक्झॉस्टचे लांब नळ्यांचे हेडर्स, पुढे मोकळा एक्झॉस्ट पण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर ठेवून, जास्त वेळ व्हॉल्व्ह उघडे ठेवणारा कॅमशाफ्ट, आणि कारखान्याचा हवेचा डबा काढून त्याजागी उघडा, शंकूच्या आकाराचा मोठा फिल्टर. कन्व्हर्टर आहेत हे मी आधी वाकून पाहिलं. अमेरिकेत ते काढून गाडी रस्त्यावर चालवणं संघराज्याच्या कायद्यात बसत नाही, आणि तशी गाडी आम्ही ट्यून करत नाही.

त्याच्या हातात दुसऱ्या एका वर्कशॉपचा कागद होता. चाकांवर ४७८ अश्वशक्ती. त्याला आमच्याकडून पाचशे हवे होते. इंधन आणि टायमिंग नीट लावलं की उरलेले बावीस येतील असा त्याचा हिशेब. प्रत्येक पार्टच्या खोक्यावर छापलेली वाढ त्याने एकाखाली एक मांडून बेरीज केली होती. ही बेरीज कधीच जमत नाही. हवेच्या वाटेतला एखादा अडथळा दोन पार्ट मिळून काढत असतात, आणि खोक्यावर दोघंही त्याचं पूर्ण श्रेय घेतात.

कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'एसटीडी' लिहिलेलं होतं. मी तिथे बोट ठेवलं.

हवा रोज वेगळी, म्हणून मोजलेली ताकद एका ठरावीक हवेत किती भरली असती ते काढायचं गणित असतं. आमच्याकडे प्रचलित नियम दोन. एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेचा जे१३४९ म्हणतो की हवा २५ अंश सेल्सिअसची, कोरड्या हवेचा दाब ९९० मिलिबार धरा. जुना एसटीडी नियम साडेपंधरा अंशांची आणि जास्त दाबाची हवा धरतो. म्हणजे तीच गाडी, तीच धाव, फक्त कागदावरची हवा अधिक थंड आणि दाट. आकडा सुमारे चार टक्क्यांनी फुगतो. ४७८ मधले अठराएक तिथेच गेले. संगणकावर एका कळीचं काम. इतकी वाढ मिळवायला मालकाने हेडर्सवर किती डॉलर आणि किती रविवार घातले असतील, ते तोच जाणे.

त्यात कुणी खोटं बोललं होतं असं नाही. कागदावर नियम लिहिलेला होता, वाचणाऱ्याने वाचला नव्हता एवढंच. शिवाय रोलरचे प्रकारही वेगळे. काही डायनोत फक्त एक अवजड पिंप असतं आणि गाडी ते किती लवकर फिरवते यावरून ताकद काढतात. आमच्या रोलरला विजेच्या भोवरी प्रवाहावर चालणारा ब्रेक आहे. त्यामुळे इंजिन हव्या त्या फेऱ्यांवर धरून ठेवता येतं, आणि आकडा सहसा थोडा कमी निघतो. दोन वेगळ्या डायनोंचे आकडे शेजारी ठेवून भांडणं हा या धंद्यातला सगळ्यांत लोकप्रिय आणि सगळ्यांत निरुपयोगी खेळ.

ट्रक चढवण्याआधी मी टायर पाहिले. अशा हौसेच्या गाड्या कमी चालतात. टायरची नक्षी खोल राहते आणि रबर आतून म्हातारं होतं. बाजूच्या भिंतीवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. जुने निघाले तर गाडी परत पाठवतो, मग मालक कितीही लांबून आलेला असो. याचे नवे होते. मापाचे, ३०५/४० आर २२. चौथा गिअर एकास एक, मागचा एक्सल ४.१०, हे गुणोत्तर मांडलं तर ५६०० फेऱ्यांना मागची चाकं ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे जातात. गाडी जागेवर आणि चाकं दोनशेवर. टायरचा एखादा तुकडा सुटला तर तो काय करेल याचा विचार आधीच करून ठेवायचा असतो. मागे कुणी उभं राहत नाही, मालकसुद्धा नाही.

पिकअप बांधणं हे कारपेक्षा कटकटीचं. हौदा रिकामा, मागचा भार हलका, त्यात पाट्यांचं सस्पेन्शन. पट्टे सैल राहिले तर टायर रोलरवर घसरतात आणि आलेखाला दात येतात. फार आवळले तर टायर रोलरवर दाबले जाऊन ताकद रबर गरम करण्यात जाते. हौद्यात वाळूच्या गोण्या टाकल्या, पट्टे आवळले, आणि किती दात आवळले तेही लिहून ठेवलं. टायरमधली हवाही लिहिली. मग गाडी पंधरा मिनिटं सावकाश चालवली. गिअर आणि डिफरेन्शियलमधलं तेल थंड असताना घट्ट असतं आणि ताकद खातं. पहिली धाव म्हणूनच कधी धरायची नसते. पुढून पंखा सुरू, एक्झॉस्टच्या तोंडाशी धूर ओढणारा पाइप, मिश्रण मोजणारा सेन्सर जागेवर.

मालकाचा हट्ट बॉनेट उघडं ठेवण्याचा. सगळे तसंच करतात, तो म्हणाला. खरं होतं. मी तसंच सुरू केलं.

या इंजिनाचा आवाज व्ही-८ सारखा नसतो. सिलिंडरच्या दोन रांगांमध्ये ९० अंशांचा कोन, आणि त्यामुळे स्फोट समान अंतराने होत नाहीत. एक ५४ अंशांवर, पुढचा ९० अंशांवर, पुन्हा ५४. दूरवर उभं राहिलं तर गाडी जराशी अडखळत बोलते असं वाटतं. या ट्रकचा कॅम बदललेला, त्यामुळे आयडलला ती आणखी खडबडत होती. पण चौथ्यात पाय पूर्ण दाबल्यावर दोन हजार फेऱ्यांपासून वर सगळं एकसंध झालं. खोलीच्या काचा थरथरल्या. माझी नजर आवाजावर नव्हती, मिश्रणाच्या रेषेवर होती. ती १२.७ च्या आसपास स्थिर होती, नॉकिंगचा एकही ठिपका नाही. ट्यून मुळात वाईट नव्हतं. टायमिंग एकेका अंशाने पुढे नेऊन पाहिलं. एका जागेनंतर ताकद वाढत नव्हती, मग अंशभर मागे घेऊन तिथेच ठेवलं. मिळायचं ते तिथे मिळून गेलेलं होतं.

एसएई नियमाने ४५२. पुढच्या धावाही त्याच्या दोन-तीन इकडेतिकडे.

पाचशे नव्हते. मालकाचा चेहरा मी पाहिला आणि त्याला म्हटलं, आता बॉनेट बंद करून पाहू.

बॉनेट बंद केल्यावर ४३८. बाकी काहीच बदललं नव्हतं. आम्ही ट्रक थंड होऊ दिला, पुन्हा धाव घेतली, पुन्हा तेवढेच. इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान मात्र सगळं सांगत होतं. खोलीत २९ अंश होते, आणि बंद बॉनेटखाली फिल्टर ओढत होता ती हवा ५२ अंशांची. हेडर्सच्या शेजारी बसून तो त्यांचीच ऊब गिळत होता. विक्रेता ज्याला थंड हवेचा इनटेक म्हणतो, तो गरम हवा पीत होता. आणि नियमातली दुरुस्ती खोलीच्या तापमानावर चालते, फिल्टरच्या तोंडाशी काय घडतंय ते तिला दिसत नाही. इथे कुठलीही कळ मदतीला येत नाही. नैसर्गिक हवेवर चालणाऱ्या इंजिनाला गरम, विरळ हवा दिली की ते सरळ कमी ताकद देतं.

कारखान्याचा मूळ हवेचा डबा आहे का, मी विचारलं. गॅरेजमध्ये पडलाय, तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी घेऊन आला. हवामान जवळपास तेच होतं. डबा बसवला, बॉनेट बंद केलं, हवेचं तापमान ३८ वर आलं, ताकद ४४६. बॉनेट उघडून तोच डबा, ४४७. मग डबा काढून पुन्हा उघडा फिल्टर, बंद बॉनेट: ४३७. ही शेवटची धाव बहुतेक ठिकाणी कुणी घेत नाही, कारण तोवर सगळे दमलेले असतात आणि निकाल लागल्यासारखा वाटतो. पण तीच सर्वांत महत्त्वाची. पहिल्या स्थितीत परत गेल्यावर जवळपास पहिलाच आकडा आला, म्हणून मधला फरक डब्याचा होता, दुपारच्या वाऱ्याचा किंवा तापलेल्या टायरचा नव्हता, हे म्हणता येतं.

मग खरं कुठलं? बॉनेट उघडं ठेवलेले ४५२ की बंद ठेवलेले ४३८? मालकाने हाच प्रश्न विचारला आणि मला तो रास्त वाटला. कुणीही बॉनेट उघडं ठेवून रस्त्यावर गाडी चालवत नाही, म्हणून उघडं ठेवून घेतलेला आकडा खोटा. पण ताशी दोनशेने धावणाऱ्या गाडीच्या नाकावर जेवढी हवा आदळते तेवढी आमचा पंखा देत नाही, म्हणून बंद बॉनेटही रस्त्यासारखं नाही. डायनोच्या खोलीत पूर्ण खरी अशी एकही स्थिती नसते. म्हणून मी आकड्यावर पैज लावत नाही, फरकावर लावतो. उघडा फिल्टर बंद बॉनेटखाली मूळ डब्यापेक्षा कमी ताकद देतो, हे वाक्य खोलीत खरं आहे. आणि रस्त्यावर, निदान सिग्नलला थांबून पुन्हा निघताना, जिथे नाकावर वारा नसतोच, तिथेही ते खरं ठरायची शक्यता मोठी आहे.

पुण्यात इंजिनिअरिंग शिकताना आमच्या प्रयोगशाळेत रोप ब्रेकचा डायनॅमोमीटर होता. किर्लोस्करचं एका सिलिंडरचं डिझेल इंजिन, त्याच्या चाकाभोवती दोरखंड, एका टोकाला वजनं, दुसऱ्याला स्प्रिंगचा काटा, आणि दोर जळू नये म्हणून पाणी. मूळ कल्पना फ्रान्समधल्या प्रोनीची, १८२१ सालची: फिरणाऱ्या चाकाला घट्ट धरा आणि धरायला किती जोर लागतो ते मोजा. आजच्या आमच्या रोलरचंही तत्त्व तेच. पण त्या प्रयोगशाळेत आणखी एक परंपरा होती, आणि इंजिनिअरिंग केलेला प्रत्येक मराठी माणूस ती ओळखेल. उत्तर काय यायला हवं ते सीनिअरच्या जर्नलमधून माहीत असायचं, आणि निरीक्षणं मागून त्याला जुळवून लिहिली जायची. परीक्षकही त्या सुंदर सरळ रेषेवर खूश असत. इथे काम करताना मला ती रेषा वारंवार आठवते. गिऱ्हाईक उत्तर घेऊन येतं. पाचशे. मग आपल्या हातात एसटीडीची कळ असते, आलेख गुळगुळीत करायचा आकडा असतो, उघडं बॉनेट असतं, थंड इंजिनाची एखादी सुदैवी धाव असते. प्रत्येक गोष्ट कायदेशीर, प्रत्येक गोष्ट कागदावर कुठेतरी नमूद. सगळ्या मिळून हव्या त्या उत्तराकडे नेणाऱ्या.

मोठ्या कंपन्याही या वाटेने गेलेल्या आहेत. १९७१ च्या मॉडेल्सपर्यंत अमेरिकन कंपन्या जाहिरातीत 'ग्रॉस' अश्वशक्ती छापत. ती इंजिन स्टँडवर चढवून, गाडीत लागणारे बरेच जोड काढून, मोकळ्या एक्झॉस्टवर मोजलेली. नंतर गाडीत बसवल्याप्रमाणे मोजायचा 'नेट' नियम आला आणि तीच इंजिनं कागदावर एकाएकी अशक्त झाली. २००५ मध्ये एसएईने आणखी एक पाऊल टाकलं: ज्या कंपनीला प्रमाणित आकडा हवा, तिच्या चाचणीला स्वतंत्र साक्षीदार उभा राहील. तो शिक्का मिळालेलं पहिलं इंजिन कॉर्व्हेट झेड०६ चं ७ लिटरचं व्ही-८ होतं, ५०५ अश्वशक्तीचं, आणि तेही टर्बोविनाच. साक्षीदाराची गरज पडली यातच सगळं आलं.

मालकाला मी दुसरा आलेख दाखवला. आमच्याच रोलरवर पूर्वी मोजलेल्या, न बदललेल्या त्याच मॉडेलच्या ट्रकचा. वेगळी गाडी होती, म्हणून काटेकोर तुलना नव्हे, पण आकार बोलका होता. चार हजार फेऱ्यांच्या वर मालकाची रेषा स्पष्ट वर होती. अडीच हजारांना मात्र ती सुमारे ३५ न्यूटन-मीटर खाली. जास्त वेळ उघड्या राहणाऱ्या व्हॉल्व्हचा हा नेहमीचा हिशेब. वरच्या फेऱ्यांना सिलिंडर जास्त भरतात, आणि खालच्या फेऱ्यांना दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असताना जळालेला वायू उलटा फिरून ताज्या हवेची जागा खातो. पाच टनांना पुरेल एवढा दिमाख आणि सव्वादोन टनांहून जास्त वजन असलेला ट्रक रोज चालतो तो दीड ते तीन हजारांत. सर्वोच्च आकडा ज्या फेऱ्यांना निघतो, तिथे तो वर्षातून किती मिनिटं जात असेल?

त्याला आश्चर्य वाटलं नाही. सिग्नलवरून निघताना ट्रक पूर्वीसारखा उसळत नाही हे त्याला जाणवलं होतं. पण कागदावर ४७८ होते, म्हणून त्याने स्वतःच्या पाठीपेक्षा कागदावर विश्वास ठेवला होता. पोलाद घासताना ज्याने गेजचीसुद्धा गेजने खात्री केली असती, तो माणूस स्वतःच्या गाडीच्या आकड्यापुढे भाविक झाला होता. मला त्याचं हसू आलं नाही. पैसे आणि रविवार घातलेल्या गोष्टीचं मोजमाप आपल्या बाजूने यावं असं कुणाला वाटत नाही?

"कॅमचं टायमिंग थोडं पुढे घेतलं तर खालचा टॉर्क बराच परत येईल," मी म्हणालो. "पण इंजिनाचं पुढचं कव्हर काढावं लागेल."

त्याने आलेख बराच वेळ न्याहाळला. "नको. मला तो आयडलचा आवाज आवडतो," तो म्हणाला. "पण तो डबा मात्र मी परत बसवणार."

माझ्या मते या कामातून निघालेला सगळ्यांत शहाणा निर्णय तो होता. आवाजासाठी थोडा टॉर्क सोडायचा, हे त्याने आता माहीत असून ठरवलं. फिल्टरसाठी मात्र ताकद सोडायचं काहीच कारण नव्हतं. पाचशेचा हट्ट कुठे विरला ते त्यालाही कळलं नसावं. जाताना त्याने एक प्रश्न विचारला, तो जवळजवळ सगळेच विचारतात: चाकांवर ४४६, म्हणजे इंजिनात किती? पंधरा टक्के वाढवून सांगायची रीत आहे. मी सांगत नाही. गिअर, एक्सल आणि त्या जड बावीस इंची चाकांत किती जातं ते वेग, तेलाचं तापमान आणि टायरचा दाब यांवर ठरतं. एकच टक्केवारी सगळ्यांना लावली की मोजलेला आकडा पुन्हा अंदाज होतो.

आमच्या कागदाच्या तळाशी एक ओळ छापलेली असते: खोलीचं तापमान, दाब, आर्द्रता, दुरुस्तीचा नियम, टायरमधली हवा, पट्ट्यांचे दात, बॉनेट बंद. मालक भिंतीवर लावायला कागद नेतात तेव्हा बरेच जण ती कापून टाकतात, चौकटीत बसत नाही म्हणून. त्यांच्यासाठी ती नसतेच. पुढे कधी तीच गाडी नवा पार्ट घेऊन रोलरवर आली, तर वरच्या आकड्याशी तुलना करायची परवानगी मला फक्त ती ओळ देते. म्हणून तिची एक प्रत मी माझ्याकडे ठेवतो.